रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या: कोणत्या उचलायच्या, कोणत्या सोडायच्या

माळरान (डॅलसजवळ, टेक्सास)

रीलोडिंगचा, म्हणजे झाडलेली पुंगळी पुन्हा भरून काडतूस बनवायचा, विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच प्रेस (भरायचं यंत्र), डाय (पुंगळीला मापात आणणारा साचा) आणि बंदुकीच्या दारूकडे वळते. पुंगळ्यांवर कुणी दोन ओळींपलीकडे लिहीत नाही. काडतुसाचे भाग चार: पुंगळी (बाहेरचं पितळी कवच), प्रायमर (ठोसा बसला की दारू पेटवणारी टिकली), दारू आणि गोळी. यातला सगळ्यात महाग भाग बहुतेक वेळा पुंगळीच असतो आणि पुन्हा वापरता येणारा भागही तेवढाच. म्हणून हा धागा फक्त पुंगळ्यांसाठी. दारूची मापं इथे कुणी देऊ नका, कुणी मागूही नका. ती दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायची असतात.

पहिला मुद्दा मालकीचा. जमिनीवर पडलेलं पितळ फुकटचं असतं असा बऱ्याच नवीन मंडळींचा समज असतो. तसं नाही. कित्येक इनडोअर रेंजवर नियम असतो की फरशीवर पडलं ते रेंजचं. ते लोक रोज झाडून पिंपं भरतात आणि किलोवर विकतात, त्यांच्या उत्पन्नाचा तो भाग असतो. काही ठिकाणी स्वतःच्या पुंगळ्या उचलू देतात, पण बादलीतल्या नाही. मैदानी क्लबांत बहुधा सभासदांना मुभा असते. पहिल्या दिवशी काउंटरवर विचारायचं, एवढंच. शेजारच्या लेनवाल्याच्या पुंगळ्या हव्या असतील तर त्याचं आवरून झाल्यावर त्याला विचारावं. दहातले आठ जण आनंदाने देतात. उरलेले दोघे स्वतः रीलोड करतात, तेव्हा त्यांच्या पायाशी वाकून वेचायला लागणं फार वाईट दिसतं.

दुसरं, वेळ. रेंज बंद झाल्याची घोषणा होऊन सगळ्या बंदुका रिकाम्या आणि उघड्या ठेवल्याशिवाय फायरिंग लाइनच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. पुंगळी पुढे घरंगळली तर घरंगळू दे. मागे पडलेल्यासुद्धा कुणी नेम धरून उभा असताना त्याच्या पायाजवळ वाकून उचलू नका, त्याचं लक्ष उडतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: अनोळखी पुंगळी वाचता यायला हवी. बुडावर शिक्का असतो. एलसी म्हणजे मिझुरीतल्या इंडिपेंडन्स गावचा लेक सिटी कारखाना, एफसी म्हणजे फेडरल, आर-पी म्हणजे रेमिंग्टन, जीएफएल म्हणजे इटलीतल्या लेक्कोचे फिओक्की, पीपीयू म्हणजे सर्बियातले प्रवी पार्टिझान, सीबीसी म्हणजे ब्राझील. शिक्क्यावरून कारखाना कळतो, कधी सालही कळतं. ती कितीदा झाडली गेली, कोणत्या बंदुकीतून गेली, आधीच्या माणसाने तिच्यात काय भरलं होतं, हे शिक्का सांगत नाही. ते पुंगळीच्या अंगावर वाचावं लागतं, आणि वाचता आलं नाही तर ती भंगारात टाकावी लागते.

अनुभवी मंडळींनी भर घालावी.

नवखा_ऑस्टिन

उत्तम धागा. माळरानदादा, अगदी प्राथमिक प्रश्न. माझ्याकडे .२२ ची रायफल आहे आणि ९ मिमी पिस्तूल. .२२ च्या पुंगळ्यांचा सडा पडतो, त्या साठवू का? आणि चंदेरी रंगाच्या पुंगळ्या असतात त्या स्टीलच्या का?

माळरान

.२२ सोडून द्या. ते रिमफायर आहे. प्रायमरचं मिश्रण बुडाच्या कडेच्या पोकळीत भरलेलं असतं आणि घोड्याचा फटका बसला की ती कडच चेपते. सेंटरफायरसारखा (बुडाच्या मधोमध प्रायमर असलेल्या काडतुसासारखा) वेगळा प्रायमर काढून नवा बसवायची सोयच तिथे नाही. पॅरिसला २०२४ साली आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, ती रायफलही .२२ रिमफायरच. त्या प्रकारात वरच्या पातळीवरही कुणी रीलोड करत नाही. ते लोक कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं स्वतःच्या रायफलीतून तपासून घेतात आणि जमेल तो लॉट घेऊन ठेवतात.

चंदेरीमध्ये तीन प्रकार. निकेलचा मुलामा दिलेलं पितळ असतं, ते चालतं. ॲल्युमिनियमची पुंगळी हाताला हलकी लागते, ती घेऊ नका. स्टील चुंबकाला चिकटतं. फसवणारा प्रकार म्हणजे पितळी मुलामा दिलेलं स्टील, डोळ्यांना अस्सल पितळच वाटतं. म्हणून घरी आणलेल्या प्रत्येक बादलीवरून आधी लोहचुंबक फिरवायचा.

मंजू_कोलंबस (ओहायो)

मी क्लबात पिस्तुलाच्या स्पर्धा खेळते, त्यामुळे ९ मिमी हा माझा रोजचा विषय. गोळा करण्याच्या पद्धतीबद्दल थोडं.

गवतातून वेचायला तारांचा फिरता पिंजरा मिळतो, दांड्याला लावलेला. बागेत पडलेले अक्रोड नि पेकन गोळा करायला लोक तेच वापरतात, मापं तेवढी वेगळी. वाळूत आणि खडीत तो नीट चालत नाही, तिथे ताडपत्री अंथरणं बरं. एआर पद्धतीच्या रायफलीला जाळीची पिशवी लावता येते. रिव्हॉल्व्हरवाले सुखी, त्यांच्या पुंगळ्या हातातच येतात. एम१ गॅरँड किंवा जी३ जातीची रायफल असेल तर मात्र दूरवर चालत जायची तयारी ठेवा. जी३ च्या चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागाला, उभ्या खाचा असतात, त्यांचे काळे पट्टे पुंगळीवर उमटतात आणि फेकताना पोचाही पडतो.

मोठ्या स्पर्धांत आधीच जाहीर करतात की पुंगळ्या उचलायच्या नाहीत, वेळ वाचावा म्हणून. तिथे स्वतःचं उत्तम पितळही सोडून यावं लागतं. माझ्या ओळखीतले लोक अशा सामन्याला, आता शेवटचंच झाडायचं उरलेलं जुनं पितळ घेऊन जातात.

आणि मुलींनो, गळा बंद असलेला टी-शर्ट घाला. बाहेर उडालेली पुंगळी चांगलीच तापलेली असते. ती गळ्यातून आत गेली तर माणूस दचकून हातातल्या पिस्तुलासकट वळतो. खरा धोका भाजण्याचा नाही, त्या वळण्याचा आहे.

निवडताना: .३८० ची पुंगळी ९ मिमीत बेमालूम मिसळते. एक १७ मिमी लांब, दुसरी १९. नुसत्या नजरेने निवडायचं ठरवलं तर एखादी निसटतेच, म्हणून शिक्का वाचा. शिवाय ९ मिमी .४० मध्ये शिरून बसते आणि .४० ही .४५ मध्ये. एकात एक अडकलेल्या तशाच धुतल्या तर आतून ओल्या राहतात. .४५ मध्ये आणखी एक भानगड, काहींचा प्रायमर मोठा असतो, काहींचा लहान. प्रेस जोरात चालवताना मोठ्या प्रायमरच्या ढिगात लहान खाच असलेली पुंगळी आली की यंत्र अडतं, कधी प्रायमर चिरडतो. ते फुटण्याचं निमित्त होऊ शकतं. .४५ वेगळ्या बसून निवडाव्यात, टीव्ही बघताना नाही.

रानवारा

मी इथे वेगळं मत मांडतो. माळरान, तुम्ही म्हणता अनोळखी पुंगळी वाचावी. मी म्हणतो, रायफलच्या बाबतीत ती घेऊच नये. पिस्तुलाचा दाब तुलनेने कमी, तिथे जमून जातं. पण .२२३ किंवा .३०८ ची परक्याची पुंगळी घेऊन चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर ती पुन्हा झाडायची, हा कसला हिशोब? स्टारलाइन किंवा लापुआचं कोरं पितळ घ्या. पहिल्या दिवसापासून त्याची वही ठेवा, पन्नास-पन्नासचे डबे करा आणि डब्यावर लिहा कितवी वेळ. माझ्या रायफलीत दुसऱ्याची पुंगळी जात नाही.

माळरान

रानवारा, तुमची वहीची पद्धत उत्तमच आहे आणि लांब पल्ल्याच्या अचूक नेमबाजीसाठी मीही तेच करतो. पण सगळं रायफल पितळ टाकाऊ ठरवणं मला पटत नाही. सैनिकी कारखान्याची पुंगळी पहिल्यांदाच झाडली गेली आहे याचा पुरावा तिच्या बुडावरच असतो. प्रायमरभोवती धातू दाबून त्याला पक्कं केलेलं असतं, आपल्याकडे त्याला क्रिम्प म्हणतात. एलसी शिक्का आणि वर्तुळातलं अधिक चिन्ह, हे नाटोचं, दिसलं आणि क्रिम्प शाबूत असेल तर ती पुंगळी कारखान्यातून निघाल्यावर एकदाच झाडली गेली आहे. जुना प्रायमर काढला की तो क्रिम्प कापून किंवा दाबून घालवावा लागतो, नाहीतर नवा प्रायमर नीट बसत नाही. ज्या अनोळखी पुंगळीचा क्रिम्प आधीच घालवलेला आहे, ती दुसऱ्या कुणीतरी रीलोड केलेली. तिथे मी तुमच्या बाजूचा.

न्यायच्या नाहीत अशा: मानेला (गोळी धरणाऱ्या तोंडाकडच्या भागाला) चीर, तोंड चेपून घडी पडलेलं, प्रायमरभोवती काजळी सांडलेली, बुडाजवळ फुगवटा. आणि बुडाच्या थोडं वर पुंगळीभोवती चकचकीत वळं. ते वळं म्हणजे आतून भिंत ताणून पातळ झाली आहे, पुढच्या वेळी पुंगळीचे दोन तुकडे होतील. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून भिंतीवरून ओढलं तर तिथे खाच लागते. लागली की ती पुंगळी पकडीने चेपून भंगारात टाकायची, म्हणजे पुन्हा कुणाच्या हाती लागून वापरली जाणार नाही.

चिरलेली ओळखायची जुनी युक्ती: मूठभर धुतलेल्या पुंगळ्या हातात खुळखुळवा. कुंभाराकडून मडकं घेताना बोटाने वाजवून बघतो ना, तसंच. अखंड पितळ खणखणतं, चीर गेलेली एखादी असेल तर आवाज बद्द येतो.

धातुवेडा (पुणे)

मी नेमबाज नाही, धातुशास्त्राचा माणूस आहे. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. हे प्रमाण उगाच नाही. काडतूस फुटलं की पुंगळी क्षणभर फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब उतरला की थोडी आक्रसते आणि म्हणूनच ओढून काढता येते. इतकं ताणलं जाऊन पुन्हा सावरणं या मिश्रधातूला जमतं. पण दर वेळच्या ताणाने आणि डायमधल्या दाबाने तो कडक होत जातो. मानेला चिरा पडतात त्या याच कडकपणामुळे. मान तापवून नरम करतात त्यामागचं कारणही तेच. बूड मात्र कधीही तापवायचं नाही. बुडाचा कडकपणाच दाब पेलतो.

आता जी गोष्ट सांगायला आलो ती. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या साठ्यातल्या पितळी पुंगळ्या न झाडता आपोआप तडकायला लागल्या. हे नेमकं पावसाळ्यात घडायचं. कोरड्या दिवसांत काही नाही, पाऊस सुरू झाला की चिरा. त्या काळी दारूगोळा तबेल्यांच्या आसपास ठेवलेला असे. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळावर काम करत होता. पुंगळी ओढून घडवताना तिच्या अंगात ताण राहून गेलेला असतो, अमोनिया आणि ओल मिळाली की तो ताण कणांच्या सीमांवरून फाटत बाहेर येतो. ऋतूनुसार घडतं म्हणून इंग्रजांनी त्याला ऋतूचंच नाव दिलं. कारणाचा पक्का उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. आजही धातुशास्त्राच्या वर्गात ताण-गंजाचं पहिलं उदाहरण हेच देतात, आणि ते आपल्या पावसातून आलेलं आहे.

तुम्हाला यातून घ्यायचं ते एवढंच की अमोनिया असलेलं कोणतंही पॉलिश पुंगळ्यांना लावू नका. बाजारातल्या बऱ्याच पितळ-पॉलिशांत तो असतो, बाटलीवर वाचा. काच पुसायच्या काही द्रवांतही असतो.

मंजू_कोलंबस

धातुवेडा, फार छान माहिती. मग चिंच, लिंबू, पितांबरी यांचं काय? माझी आई इथे आली होती तेव्हा माझ्या बादलीकडे बघून म्हणाली, देवाची भांडी घासतो तशी घास की!

धातुवेडा

आईंचं रसायनशास्त्र बरोबर आहे. चिंचेतलं आणि लिंबातलं आम्ल काळा थर विरघळवतं. पण तांब्याहून जस्त लवकर निघून जातं, म्हणून आम्लात जास्त वेळ ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं. समईला गुलाबी छटा आली तर बिघडत नाही, पुंगळीच्या बाबतीत पृष्ठभाग कमजोर झाला असं समजावं. सायट्रिक आम्ल चिमूटभर, वेळ थोडा, नंतर स्वच्छ पाण्याने भरपूर धुणं. भांड्यांच्या पावडरीत घासणारी बारीक पूडही असू शकते, ती पुंगळीत राहिली तर डायवर आणि चेंबरमध्ये ओरखडे उठतील. ती देवघरासाठीच ठेवा.

सुगरण_न्यूजर्सी

नवरा हा छंद करतो, मी नाही. पण घरात दोन लहान मुलं आहेत म्हणून एक गोष्ट जीव तोडून सांगते. प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि झाडलेल्या पुंगळीच्या आत त्याची काजळी राहते. अक्रोडाच्या सालींचा किंवा मक्याच्या कणसाचा भुसा घालून कोरड्या यंत्रात पुंगळ्या फिरवल्या की ती सगळी धूळ भुशात उतरते आणि झाकण उघडलं की हवेत. आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं की मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. अमेरिकेच्या सीडीसीने (सरकारी आरोग्य संस्थेने) २०२१ मध्ये मुलांसाठी लक्ष देण्याची पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरवर आणली.

आमच्या घरचे नियम: यंत्र गॅरेजमध्येही नाही, मागच्या शेडमध्ये. रेंजचे बूट दाराबाहेर. कपडे वेगळे धुवायचे. रेंजवरून आल्यावर हात, चेहरा साबणाने धुतल्याशिवाय मुलांना उचलायचं नाही. पुंगळ्या धुतलेली बादली, चाळण, चमचा यातलं काहीही स्वयंपाकघरात परत येणार नाही आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये पुंगळ्या धुवायच्या नाहीत. आता तो स्टीलच्या बारीक सळ्या आणि भांड्यांचा साबण घालून पाण्यात फिरवतो. धूळ उडत नाही. ते काळं पाणी हातमोजे घालून ओततो.

माळरान

वहिनी, हा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. वर्गणीदारांना विनंती, सगळं सोडून आधी हा वाचा.

देवळालीकर

मी नाशिकच्या एका कॉलेजात बरीच वर्षं एनसीसी सांभाळली. तुमच्याकडे पुंगळ्या गोळा करायच्या त्या पैसे वाचवायला आणि छंदापायी. आमच्याकडे त्या मोजून परत करायच्या असतात म्हणून. फायरिंगच्या दिवशी जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोकी, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, परत आल्याशिवाय रेंज बंद होत नाही. एक कमी पडलं की सगळी पोरं खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून गवतातून चालत जायची. ऊन असो, पाऊस असो. मुलांना कंटाळा यायचा, पण दारूगोळ्याचा हिशोब म्हणजे काय हे त्या चालण्यातून जितकं कळायचं तितकं वर्गात कधी कळलं नाही.

एक विनंती. अमेरिकेत जुनी .३०३ कुणी झाडत असेल तर बुडावर केएफ शिक्का बघा. तो आपल्या खडकीच्या कारखान्याचा. १८६९ पासूनचा तो कारखाना.

रानवारा

देवळालीकर सर, केएफ इथे मी पाहिलेलं आहे. पेनसिल्व्हेनियात एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे ली-एनफिल्ड रायफल होती, त्याच्या डब्यात ही पुंगळी होती. पुण्याचा माणूस म्हटल्यावर त्याने हातात ठेवली. पण रीलोडिंगसाठी ती कामाची नाही, कारण तिचा प्रायमर बर्डन पद्धतीचा. नवख्यांसाठी सांगतो: पुंगळीत वरून टॉर्च मारून बघा. मधोमध एक भोक दिसलं तर बॉक्सर पद्धत, सुईने प्रायमर ढकलून काढता येतो. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, तिथे सुई मोडते. बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन अमेरिकन. आज अमेरिका इंग्रजाची पद्धत वापरते आणि जगातली कित्येक सैन्यं अमेरिकनाची.

ॲड_ठाणे

भारतात येणाऱ्या सर्वांसाठी, कृपया गांभीर्याने घ्या. रिकामी पुंगळी, गोळीची किचेन, पेंडंट, काहीही सामानात घेऊन येऊ नका. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात आणि काडतुसं बनवायला कलम ५ खाली परवाना लागतो, म्हणजे परवान्याशिवाय घरगुती रीलोडिंगचा प्रश्नच नाही. बॅगेत चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसावरून विमानतळावर गुन्हे नोंदवले गेले आहेत. जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून उच्च न्यायालयांनी असे बरेच गुन्हे रद्दही केले, पण तोवर पासपोर्ट, सुट्टी, नोकरी सगळं टांगणीला लागतं. रेंजला नेलेली बॅग प्रवासाला कधीच वापरू नका. तिच्या अस्तरात काय सरकलंय ते तुम्हाला दिसत नाही, क्ष-किरण यंत्राला दिसतं.

मंजू_कोलंबस

हे वाचून मी आत्ताच माझी निळी बॅग दिवाळीच्या सामानातून बाजूला काढली. धन्यवाद, वकीलसाहेब.

नवखा_ऑस्टिन

सगळं वाचलं आणि काल क्लबात विचारून पहिली बादली आणली. चुंबक फिरवला, .३८० वेगळ्या केल्या. ९ मिमीच्या काही पुंगळ्यांत टॉर्च मारल्यावर आत मधोमध पायरीसारखी कड दिसते, बाहेरून अगदी नेहमीसारख्या. हे काय आहे? आणि दुसरं, तळाशी दोन न फुटलेली काडतुसं निघाली, प्रायमरवर हलका ठोसा आहे. ती घरी सुरक्षित कशी मोडायची?

माळरान

पायरीवाल्या सगळ्या भंगारात. काही कारखाने तशा बनवतात. एकदा झाडायला ठीक, पण पुन्हा भरल्या तर पायरीच्या ठिकाणी तुटून पुढचा तुकडा नळीत अडकू शकतो, आणि मागून दुसरी गोळी आली तर बंदूक फुटते. त्यांचे शिक्के एका कागदावर लिहून बाकावर चिकटवा, पुढच्या वेळी टॉर्च मारायच्या आधीच ओळखाल.

काडतुसं मोडू नका. ठोसा बसूनही न फुटलेलं काडतूस दुसऱ्याचं रीलोड असू शकतं आणि त्यात काय भरलंय हे कुणालाच माहीत नाही. धुवायच्या यंत्रात नाही, कचऱ्यात नाही, भंगाराच्या पिशवीत तर अजिबात नाही. भंगारवाल्याच्या भट्टीपर्यंत ते गेलं तर तिथे काम करणाऱ्या माणसाच्या तोंडावर फुटेल. एका डबीत वेगळी ठेवा, पुढच्या वेळी रेंज ऑफिसरच्या हातात द्या. बहुतेक क्लबांत अशा काडतुसांसाठी वेगळा डबा असतो. तुमच्या क्लबात आहे का ते बघा, नसेल तर ठेवायला सांगा.

नवखा_ऑस्टिन

डबा आहे, काउंटरच्या उजवीकडे, लाल झाकणाचा. शनिवारी देतो. पायरीवाल्या पुंगळ्यांचे शिक्के उद्या इथे टाकतो, इतरांनी आपापले ताडून बघावेत.